जुना स्टीरिओ घुमू लागला तर

भगिनींनो, लोणची-मसाले नि विणकामाच्या पत्रांत या वेळी एक निराळंच पत्र आलं. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या सासऱ्यांनी १९८० च्या सुमारास हौसेनं स्टीरिओ रिसीव्हर घेतला होता. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर, जोडीला तबकड्यांचा प्लेअर. गेले काही महिने तो सारखा घुमतो, मधूनच खरखरतो. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतला सगळा बोर्ड गेलाय, सेट सोडून जा." यजमान म्हणतात, "भंगारात द्या, मोबाइलवर सगळं ऐकू येतं." सासरे काहीच बोलत नाहीत. दिवेलागणीला मात्र सेटशेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. "मला यातलं काही कळत नाही, काय करू?" असं त्या विचारतात.

कळण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी पेटी उघडावी लागत नाही. उघडायची तर नाहीच! आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. आपलं काम बाहेरून, कानानं. फोडणी करपायच्या बेताला आली हे दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या आपण, हे का जमू नये? मी स्वतः कलाशाखेची. पण शाळेत मुलांना प्रयोग करताना सांगते तेच इथेही: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते कागदावर टिपून ठेवा.

आधी आवाज नक्की कुठून येतो ते पाहा. स्पीकरला कान लावा, मग पेटीला. पेटीच भणभणत असेल आणि स्पीकर गप्प असतील, तर आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. बहुधा त्याचे स्क्रू किंवा पत्रे सैल झालेले असतात. गाण्याला त्याची बाधा नाही.

स्पीकरमधून येत असेल तर आवाजाचं बटण अगदी शून्यावर आणा. ही सगळ्यात मोलाची परीक्षा, बरं का! बटण शून्यावर असूनही घुमणं तसंच राहिलं, तर दोष त्या बटणाच्या पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात. जुन्या सेटमध्ये पहिला संशय कंडेन्सरवरच घ्यावा. त्यांच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये ओलसर कागद असतो. उष्णतेनं आणि वर्षांनी ती ओल सुकते, मग विजेतली थरथर गाळली जात नाही आणि ती स्पीकरपर्यंत पोचते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. सेटमध्ये तिची एकदिश वीज होताना थरथर दुप्पट, म्हणजे १०० ची होते. गाणं शिकलेल्या भगिनींना खूण सांगते: ही १०० ची घूं काळी एकच्या पुरुषी मंद्र पंचमाच्या जरा खाली लागते. तारांच्या सैल जोडामुळे येणारी ५० ची घूं त्याहून एक सप्तक खाली, जाडसर. परदेशी पुस्तकांत ६० आणि १२० लिहिलेलं आढळेल, ते अमेरिकेच्या विजेचं.

बटण खाली आणताच घुमणंही गेलं, तर दोष अलीकडचा. आता रेडिओ, टेप, तबकडी असं निवडायचं बटण फिरवून पाहा. फक्त तबकडीलाच घुमत असेल तर प्लेअरकडून येणारी एक बारीक सुटी तार शोधा. ती सेटच्या मागच्या अर्थच्या स्क्रूखाली घट्ट बसलेली हवी. झाडलोट करताना ती निसटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी सर्वांत आधी हीच तार पाहावी. टीव्हीचा आवाज सेटमधून काढलेला असेल तर केबलची वायर क्षणभर काढून बघा. घुमणं थांबलं तर ते केबलवाटे येतंय.

इथे एक ताकीद. "तिसरी पिन काढा, घुमणं जातं," असं सांगणारे भेटतात. घुमणं कधी कधी जातंही. पण अर्थिंगची पिन आपल्या जिवासाठी आहे, गाण्यासाठी नव्हे. घरात रांगतं मूल असो वा नसो, ती काढू देऊ नका.

एकाच बाजूचा स्पीकर चटचटतो? सेट बंद करून, प्लग काढून, मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा आपसांत बदला. चटचट आता दुसऱ्या स्पीकरमधून आली तर दोष सेटचा. त्याच स्पीकरमध्ये राहिली तर स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा.

बटण फिरवतानाच खरखर होत असेल तर फार काळजी नको. बटणाच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धूळ बसते. सेट बंद ठेवून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. काही दिवस तरी बरं चालेल. पक्क्या उपायाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आतून मारावा लागतो, तो दुरुस्तीवाल्याकडून. शिवणयंत्राचं तेल घालू नका हो! चार दिवस छान वाटतं, मग त्याच तेलावर धूळ चिकटून चिखल होतो.

कधी कधी सेट बिचारा निर्दोष असतो. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर सेटशेजारी ठेवून मीडियम वेव्ह लावा. तोही करकरला तर दोष घरातला. मग एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एकेक करून बंद करा. कोणतं बंद केल्यावर शांत झालं ते कळेल. वीज गेल्यावरच भणभण येत असेल तर स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज तशी खडबडीत असते. तेवढा वेळ सेट बंद ठेवलेला बरा.

एवढं टिपून झालं की कागद घेऊन दुकानात जा. "सेट बिघडलाय" म्हणू नका. "आवाज शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकर घुमतात," किंवा "फक्त तबकडीला घुमतं, अर्थची तार घट्ट आहे," असं सांगा. सगळा बोर्ड गेला म्हणणाऱ्याला मग कोणता भाग, ते सांगावंच लागतं. कंडेन्सरची किंमत किरकोळ, मोल असतं ते मजुरीचं. ती आधी ठरवून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. सेट वर्षानुवर्षं पडून असेल तर घरी एकदम प्लग लावू नका. दुकानात बल्ब जोडलेला सिरीज बोर्ड असतो, त्यावर आधी लावून बघायला सांगा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पेटून तसाच राहतो आणि सेट वाचतो.

दुरुस्त होऊन आल्यावर सेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, वरच्या जाळीवर विणलेला रुमालही नको. गरम हवेला वाट हवी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास लावावा, आतली दमट हवा निघून जाते. मागच्या पिना दोन-तीन महिन्यांनी, सेट बंद असताना, काढून पुन्हा घालाव्यात. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी जरा लवकर, खाऱ्या वाऱ्यानं त्या फार लवकर काळ्या पडतात.