२९९ की ३१९? एका खरेदीचा उशिरा दिलेला हिशेब



२०२२ ची दिवाळी आटोपली आणि आपल्या मंडळाने नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं. जुना डबा स्मरणिकेची पानं लावतानाच दमायचा, आणि गणेशोत्सवातल्या नाटकाचं शूटिंग एडिट करायला घेतलं की रात्रभर घुरघुरत बसायचा. "तू आयटीवाला, तूच सांग काय घ्यायचं," असं म्हणून कमिटीने काम माझ्या गळ्यात मारलं. पैसे वर्गणीचे, म्हणजे तुमचे. म्हणून हा हिशेब. तो द्यायला इतका उशीर का झाला, तेही पुढे येईलच.

रिंगणात दोन पैलवान होते. एएमडीचा रायझन फाइव्ह ७६००एक्स २७ सप्टेंबर २०२२ ला बाजारात आला, जाहीर किंमत २९९ डॉलर. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १३६००के २० ऑक्टोबरला आला, ३१९ डॉलर. फरक फक्त २० डॉलरचा. आमचे खजिनदार काका म्हणाले, "अरे, वीस डॉलरसाठी एवढी मीटिंग कशाला? तेवढ्याचे तर आपण समोसे खातो!" काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण फरक किमतीत नव्हताच.

आचारी आणि मदतनीस

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकघर समजा. रायझनमध्ये सहा कोअर, म्हणजे सहा पट्टीचे आचारी. प्रत्येक जण एका वेळी दोन शेगड्या सांभाळतो, म्हणून बारा थ्रेड. इंटेलकडेही सहा आचारी, पण त्यांच्या हाताखाली आणखी आठ मदतनीस. मदतनिसाकडे एकच शेगडी. सहा दुणे बारा आणि आठ, असे वीस थ्रेड.

आता एकाच माणसाला गरम पोळी वाढायची असेल तर एक आचारी पुरतो. तिथे दोघांचा वेग जवळजवळ सारखा. ब्राउझर, ईमेल, एक्सेल, आईबाबांशी व्हिडिओ कॉल, यात घड्याळ लावून बसलात तरी फरक कळणार नाही. खेळांमध्येही दोघे जवळपास बरोबरीत होते. पण पाचशे पानांची पंगत असेल, म्हणजे व्हिडिओ रेंडर करायचा असेल, तर मदतनीस कामाला येतात. सिनेबेंच आर-२३ या चाचणीत सगळे कोअर कामाला लावले की रायझनला साधारण १५ हजार गुण मिळत होते आणि इंटेलला साधारण २४ हजार. दीडपटीहून जास्त!

नुसत्या प्रोसेसरला पैसे देऊन काही होत नाही, मदरबोर्ड आणि रॅमही लागते. रायझनला नवा एएम-५ बोर्ड आणि डीडीआर-५ रॅमच हवी होती, आणि तेव्हा दोन्ही महाग होतं. इंटेलला जुनी, स्वस्त डीडीआर-४ रॅम चालत होती. आम्ही तेव्हा मांडलेला हिशेब असा: तिन्ही मिळून इंटेल साधारण ५४० डॉलर, एएमडी साधारण ६३०. म्हणजे २० डॉलरने महाग दिसणारा इंटेल प्रत्यक्षात ९० डॉलरने स्वस्त पडत होता. दर हजार गुणांमागे एकीकडे साडेबावीस डॉलर, दुसरीकडे बेचाळीस.

विजेचा मुद्दा एकाने काढला होता. पूर्ण भारावर इंटेलची मर्यादा १८१ वॅट, रायझनची १४२. फरक ३९ वॅट. रोज दोन तास पूर्ण भार धरला, तरी वर्षाला साडेअठ्ठावीस युनिट होतात. युनिटला २० सेंट धरले तर पावणेसहा डॉलर. काकांच्या भाषेत, समोसेसुद्धा नीट येणार नाहीत.

मी छाती ठोकून सांगितलं, इंटेल घ्या. मंडळाने घेतला. शिवाय माझ्या शब्दावर आपल्यातल्या चार घरांनीही तोच घेतला. मोफत सल्ला देणाऱ्याला उंटावरचा शहाणा म्हणतात, ते उगाच नाही. उंट बसायला लागला की कळतं.

जुलै २०२४

२०२४ च्या सुरुवातीपासून इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मध्येच बंद पडतात, खेळ कोसळतात, अशा तक्रारी जगभरातून वाढत होत्या. जुलैमध्ये इंटेलने कारण मान्य केलं. प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे चिप हळूहळू झिजत होती. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बायॉसमधून दुरुस्त्या आल्या. त्यांनी पुढची झीज थांबते, पण झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून इंटेलने वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तक्रारी मुख्यतः वरच्या आय-नाइनच्या होत्या, पण वाढीव वॉरंटीच्या यादीत १३६००के देखील होता. माझा सल्ला, माझीच यादी!

त्या आठवड्यात मी चारही घरी फोन केले. एका ताईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तू सांगितलंस ते चुकलं का रे?" काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. पुढचे दोन शनिवार मी पेन ड्राइव्ह खिशात टाकून घरोघरी बायॉस अपडेट करत फिरलो. सुदैवाने पाचही मशीन ठणठणीत होती आणि आजही आहेत. पण ताईंचा प्रश्न डोक्यात राहिला, आणि हा लेख त्याचं उत्तर आहे.

असं झालं कशामुळे?

एएमडी स्वतः चिप बनवत नाही, तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेते. ७६००एक्सचे कोअर तिथल्या ५ नॅनोमीटर पद्धतीने बनलेले होते. इंटेल स्वतःच्या कारखान्यात बनवत होती आणि ती 'इंटेल ७' या जुन्या पद्धतीवर अडकली होती. या पद्धतीचं आधीचं नाव १० नॅनोमीटरवालंच. मागे पडलेल्या कारखान्यातून पहिला नंबर काढायचा तर उपाय दोनच, मदतनीस वाढवा आणि व्होल्टेज वाढवा. वरच्या आय-नाइन १३९००केची मर्यादा २५३ वॅटपर्यंत गेली होती. शेवटच्या चार-पाच टक्के वेगासाठी चिप तिच्या सोसण्याच्या टोकावर चालवली जात होती. आमच्या सुंदर तक्त्यात "दर हजार गुणांमागे डॉलर" हा रकाना होता. ते गुण कशाच्या जोरावर मिळवलेत, याचा रकाना नव्हता.

एएमडीला सोज्ज्वळ म्हणावं, तर तसंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिचे काही रायझन ७०००एक्स-थ्रीडी प्रोसेसर मदरबोर्डवर अक्षरशः जळाले. तिथेही कारण जास्तीचं व्होल्टेजच होतं, आणि एएमडीला त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. स्पर्धेच्या नादात दोघांनीही हात पोळून घेतले.

रस्त्याचे पैसे

तक्त्यात दुसरा एक रकाना कमी होता, सॉकेटचा. इंटेलच्या एलजीए-१७०० बोर्डावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, आणि तिथे रस्ता संपतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला नवा सॉकेट लागला. म्हणजे बोर्डही नवा. उलट २०२२ च्या एएम-५ बोर्डावर नोव्हेंबर २०२४ चा रायझन सेव्हन ९८००एक्स-थ्रीडी बायॉस अपडेट करून सरळ बसतो. जाहीर किंमत ४७९ डॉलर, आणि खेळांसाठी आला तेव्हाचा सर्वात वेगवान प्रोसेसर. एएम-५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. आधीच्या एएम-४ वर त्यांनी असा शब्द पाळलाही होता. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स-थ्रीडी चालतो.

म्हणजे तेव्हाचे ते ९० डॉलर रस्त्याचे होते. पण ज्याला पुढे जायचंच नाही, त्याने टोल कशाला भरायचा? आपल्यातले बहुतेक जण घेतलेला कॉम्प्युटर आहे तसा सात-आठ वर्षं वापरतात आणि मग नवा घेतात. नुसता प्रोसेसर बदलणारे फार थोडे.

मग माझा सल्ला चुकला का?

ताई, मंडळासाठी नाही चुकला. नाटकांचे व्हिडिओ त्या मशीनवर खरोखर लवकर तयार होतात, आणि मंडळ दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलणार नाही. पण त्या चार घरांपैकी एकात कॉलेजातला मुलगा फक्त गेम खेळतो. त्याच्यासाठी एएम-५ च बरोबर होतं, तिथे मी चुकलो. उरलेल्या तीन घरांत, तुमच्यासकट, ईमेल आणि फोटोंपलीकडे काही चालत नाही. तिथे दोन्ही प्रोसेसर गरजेपेक्षा मोठे होते. जानेवारी २०२३ मध्ये २२९ डॉलरचा साधा रायझन ७६०० आला, तोही पंख्यासकट. दोन महिने थांबलो असतो तरी चाललं असतं. मी मंडळाच्या पंगतीचा हिशेब चार माणसांच्या घराला लावला. ही माझी खरी चूक. व्होल्टेजचं कुणालाच आधी दिसलं नव्हतं, पण तुमच्या घरी काय शिजतं हे मला विचारता आलं असतं.

दोन्ही दुकानं हवीत

इंटेलची फजिती बघून काही मित्र खूश झाले. मला नाही आनंद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने १५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हाताशी साठ दिवस असतात, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्याच वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीचा तोटा १६.६ अब्ज डॉलर झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १० टक्के हिस्सा घेतला.

आणि ग्राहक म्हणूनही काळजी आहेच. २०११ ते २०१६ या काळात एएमडी लोळागोळा झाली होती. तेव्हा इंटेलने घरगुती आय-सेव्हनमध्ये वर्षानुवर्षं चारच कोअर दिले. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन सेव्हन १७०० हा ३२९ डॉलरला आणला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलला अचानक सहा कोअर परवडायला लागले! गल्लीत दुसरं दुकान असलं की पहिला वाणी नीट माप घालतो.

आता पुढे

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला आणि "काय घेऊ रे?" हे फोन पुन्हा सुरू झाले. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम अशी उचलली की काही महिन्यांत भाव दुपटीच्याही वर गेले. म्हणून आता आधी मीच प्रश्न विचारतो. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालतं का? (इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची असेल तर बहुधा चालतं.) घरी पंगत असते की दोन पोळ्या? आणि मधे प्रोसेसर बदलायची खरंच हौस आहे का? उत्तरं मिळाली की कंपनीचं नाव आपोआप ठरतं.

आणि ज्यांच्याकडे तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल आहे, त्यांनी बायॉस अपडेट केलं नसेल तर या शनिवार-रविवारी जरूर करा. खरेदीची पावतीही शोधून ठेवा, वॉरंटी पाच वर्षांची आहे. जमत नसेल तर मला फोन करा. पेन ड्राइव्ह अजून खिशातच आहे.

असो. हिशेब दिला. चूकभूल द्यावी घ्यावी!