टोबीच्या नावावर बंद झालेली केस

दोस्तहो, एक पिक्चर बघितला आणि डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. ही समीक्षा नाही. समीक्षेचा मक्ता ज्यांच्याकडं आहे, त्यांनी ती केव्हाच लिहून टाकलीय.

पिक्चरचं नाव 'द प्लेज'. म्हणजे वचन. साल २००१. दिग्दर्शक शॉन पेन, हिरो जॅक निकल्सन. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातला जेरी ब्लॅक हा डिटेक्टिव्ह रिटायर होतोय. निरोपाची पार्टी चाललीय. तेवढ्यात खबर येते, बर्फात एका लहान पोरीचं प्रेत सापडलं. जेरी तिच्या आईला क्रुसाची शपथ घेऊन वचन देतो, खुनी शोधीन. पुढचा सगळा पिक्चर ह्या वचनाचा. डोंगर, तळं, मासे धरणं, आडरस्त्यावरचा पेट्रोल पंप. त्या पंपावर दबा धरून बसलेला म्हातारा. खुनी यायचा तेव्हाच वाटेत अपघातात मरतो, हे जेरीला कळतच नाही. शेवटी तो त्याच पंपाबाहेर स्वतःशी बडबडत बसलेला. लोक म्हणतात, काय ही शोकांतिका! एका सच्च्या माणसाची!

असेल. पण माझा जीव अडकला सुरुवातीच्याच भागात. टोबीपाशी.

टोबी अमेरिकेचा मूळनिवासी. ज्यांची जमीन गोऱ्यांनी गिळली, त्यांच्यातला. डोक्यानं अधू. प्रेताजवळून पळताना एका पोरानं त्याला बघितलं. बस्स, धरला. चौकशीत मारहाण नाही बरं का. एक तरुण अधिकारी त्याच्या अगदी जवळ बसतो आणि गोड गोड बोलून कबुली त्याच्या तोंडात घालतो. टोबीला काय कळलं, काय नाही, कुणाला पडलंय? त्यानं हो म्हटलं, काम झालं. लगेच तो एका पोलिसाचंच पिस्तूल हिसकावतो आणि स्वतःला संपवतो. केस बंद. साहेब लोक मोकळे.

जेरीला हे पटत नाही, हे खरं. शॉन पेननं ही कबुली कशी काढली ते झाकलं नाही, उघडं दाखवलं, हेही मान्य. पण जेरी पुढं सगळं करतो ते त्या आईला दिलेल्या शब्दासाठी. टोबीच्या आईला कुणी शब्द दिला? ती आहे का नाही, हेसुद्धा पिक्चर सांगत नाही. आणि टोबीचं काम कुणी केलं? बेनिसिओ देल तोरोनं. नट जबरदस्त, वाद नाही. पण तो पोर्तो रिकोचा. म्हणजे मूळनिवाशाचं मढं दाखवायलासुद्धा मूळनिवासी नट मिळाला नाही.

ही गोष्ट मुळात स्वित्झर्लंडची. फ्रीडरिश ड्युरेनमाटनं १९५८ साली कादंबरी लिहिली. तिथं टोबीच्या जागी फॉन गुंटेन आहे, पाठीवर माल घेऊन गावोगाव हिंडणारा फेरीवाला. प्रेत त्यालाच दिसतं. ओळखीचा साहेब म्हणून तो डिटेक्टिव्ह मातेईला स्वतः फोन करतो. म्हणजे वर्दी देणारा तोच आणि आरोपीही तोच! गाव जमतं, त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणतं. मातेई गावाला समजावून त्याला वाचवतो आणि पोलिसांच्या हवाली करतो. तिथं वीस तासांवर चौकशी. कबुली. मग कोठडीत गळफास. गावच्या हातून सुटला आणि सरकारच्या हातात मेला.

फॉन गुंटेन कुठल्या जमातीचा, हे कादंबरी सांगत नाही. पण त्या देशात फिरस्त्यांकडं कसं बघत होते, हे इतिहास सांगतो. येनिश नावाची भटकी जमात आहे तिथली. १९२६ ते १९७३ ह्या काळात 'प्रो युव्हेंट्युटे' ह्या मुलांच्या भल्यासाठी म्हणून काढलेल्या संस्थेनं त्यांची सुमारे ६०० मुलं आईबापांपासून तोडून नेली. सुधारण्यासाठी! कादंबरी आली तेव्हा हे चालूच होतं.

आता सांगा, हे आपल्याला परकं वाटतं का? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारध्याच्या पालावरची धाड गेली नाही. मी लहान असताना चोरी कुठंही होवो, जीप आधी आमच्या गल्लीत. कोण कोण घरी आहे, बाहेर काढा. बाप माझा कामावरून येऊन नुकता जेवायला बसलेला. ताट तसंच राहिलं. सकाळी सोडला. त्या रात्रीबद्दल तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. कलम चांगलं आहे. पण त्याचा उपयोग कोर्टापर्यंत जिवंत पोचणाऱ्याला. टोबी पोचला नाही. फॉन गुंटेन पोचला नाही.

आणि सच्चा जेरी काय करतो? एका गरीब, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला आसरा देतो आणि तिचीच पोर गळाला आमिष लावावी तशी खुन्यापुढं ठेवतो. तिला न विचारता. न्यायासाठी!

कादंबरीत निदान पोलिसप्रमुखाला बऱ्याच वर्षांनी सत्य कळतं. तो ते एका लेखकाला सांगतो, गोष्ट म्हणून. पिक्चरमध्ये कुणालाच कळत नाही. खुनी जळून मेला, जेरी खुळा झाला, आणि कागदावर त्या पोरीचा खुनी अजून टोबीच आहे. निकल्सनसाठी डोळे पुसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात आलं?

म्हणून सांगतो, दोस्तहो, पिक्चर जरूर बघा. पण जेरी पंपावर जाऊन बसला की तुम्ही मागं वळा, त्या चौकशीच्या खोलीत. टोबीची फाइल तिथंच पडलीय. आपल्यातल्या कुणीतरी ती उघडायला पाहिजे. आणि आपल्या गल्लीतून रात्री नेलेल्यांच्याही.