विश्लेषण : न्यायमूर्ती सुनावणीतून ‘रिक्यूज’ होतात म्हणजे काय?

‘न्यायमूर्तींनी सुनावणीपासून स्वतःला दूर ठेवले’ अशा बातम्या अधूनमधून येतात. इंग्रजी बातमीत तेथे हमखास ‘रिक्यूज’ हा शब्द असतो. त्याचा नेमका अर्थ काय? न्यायाधीश असे का करतात? त्याचे कारण सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे का?

शब्दाचा अर्थ काय?

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हरकत घेणे, नाकारणे. पूर्वी पक्षकार न्यायाधीशाविषयी हरकत घेई, त्यासाठी इंग्रजीत हा शब्द होता. आज तो मुख्यतः न्यायाधीश स्वतःहून बाजूला होतात त्यासाठी वापरतात. त्यामुळे इंग्रजीत ‘खटला रिक्यूज केला’ असे म्हणत नाहीत, ‘खटल्यातून स्वतःला रिक्यूज केले’ असे म्हणतात. ‘रिक्यूजल’ हे त्याचे नाम. मराठीत ‘माघार घेतली’ असे लिहिले जाते, पण त्यात हार मानल्याची छटा येते. ‘सुनावणीतून अलग झाले’ हे अर्थाला अधिक जवळचे. न्यायालयात याच अर्थाने ‘नॉट बिफोर मी’ असेही म्हटले जाते.

न्यायाधीश असे केव्हा करतात?

स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतःच न्यायाधीश असू नये, हे यामागचे तत्त्व. पक्षकार नातेवाईक किंवा जवळचा मित्र असणे, वकिली करताना तेच प्रकरण हाताळलेले असणे, संबंधित कंपनीचे समभाग असणे ही नेहमीची कारणे. जानेवारी २०२२ मध्ये कृष्णा पाणीवाटपाच्या वादातून न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा अलग झाले. एक महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकचे आणि दोन्ही राज्ये या वादात पक्षकार, हे कारण त्यांनी उघड सांगितले.

पक्षपात सिद्ध व्हावा लागतो का?

नाही. पक्षकाराच्या मनात पक्षपाताची रास्त शंका येण्याजोगी स्थिती आहे का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात मांडली. मात्र शंका रास्त हवी. नाहीतर नको असलेले न्यायाधीश टाळण्याचे ते हत्यार होईल. २०१९ मध्ये भूसंपादनाच्या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा यांनी अलग होण्याची मागणी फेटाळली होती. अशा मागणीवर निर्णय घेतात तेही स्वतः तेच न्यायाधीश.

कारण सांगणे बंधनकारक आहे का?

नाही, आणि खरा प्रश्न इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायाधीशांसाठी आचारमूल्ये स्वीकारली. त्यात जवळच्या व्यक्तींची प्रकरणे ऐकू नयेत असे म्हटले आहे, पण अलग होण्याची कार्यपद्धती ठरवणारा स्वतंत्र कायदा नाही. एल्गार परिषद प्रकरणातील गुन्हा रद्द करण्यासाठी गौतम नवलखा यांनी केलेल्या याचिकेतून २०१९ मध्ये काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती अलग झाले. कारणे जाहीर झाली नाहीत. न्यायिक नियुक्ती आयोगाच्या २०१५ च्या निकालात न्या. कुरियन जोसेफ यांनी कारणे दिली जावीत, असे मत मांडले होते. कारण उघड केल्यास नातेवाईक किंवा जुन्या अशिलाची खासगी बाब चव्हाट्यावर येऊ शकते, हा त्यावरचा प्रतिवाद.

हा शब्द फक्त न्यायालयापुरता आहे का?

नाही. निवड मंडळ, चौकशी समिती, संचालक मंडळ, सगळीकडे तो लागू होतो. भारतीय वनसेवेच्या एका निवडीत एक उमेदवारच निवड मंडळाचा सदस्य होता. स्वतःच्या नावावर चर्चा सुरू असताना तो बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा होताना हजर राहिला. १९६९ मध्ये क्रायपाक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही निवड रद्द केली. अर्धवट अलग होणे पुरेसे नसते, हा त्याचा धडा.

सामान्य पक्षकारासाठी याचा अर्थ काय?

न्यायाधीश अलग झाले म्हणजे प्रकरण कमकुवत ठरले असे नाही. सरन्यायाधीश किंवा मुख्य न्यायाधीश ते दुसऱ्या खंडपीठाकडे देतात. पण त्यात तारखा जातात आणि कोणी तुरुंगात असेल तर प्रत्येक तारीख मोलाची असते. न्यायाधीशांनी अलग होणे हे न्यायव्यवस्थेवरील विश्वासासाठीच असते. कारणाची एक ओळ नोंदवली गेली, तर तो विश्वास वाढेलच.