कोंढाण्याचे दगडातील लाकूडकाम

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंढाणे लेण्यांतील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानले जाते. त्याच्या दर्शनी भागावरील कमानी, कठडे आणि तुळयांची टोके ही सुतारकामाची दगडात उतरवलेली रूपे असून, त्या काळची लाकडी प्रार्थनागृहे केव्हाच नष्ट झाल्याने त्यांची घडण जाणण्यास असा कातळच मुख्य आधार उरला आहे. दर्शनी भागावरील ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे; इतक्या जुन्या वास्तूच्या कर्त्याचे नाव टिकणे विरळाच. बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कार्ले लेण्यात छताच्या खऱ्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत, कोंढाण्यात मात्र अनेक खांबही खालून तुटले आहेत. जे उरले आहे ते टिकवायचे तर येथे नव्या बांधकामापेक्षा पाण्याचा बंदोबस्त अधिक निकडीचा आहे. कड्यावरून झिरपणारे पाणी वळवणारे चर पुरातत्त्व खात्याने दर पावसाळ्यापूर्वी मोकळे करावेत आणि कर्जत-खालापूरच्या ग्रामपंचायतींनी त्यासाठी आग्रह धरावा.