फाटलं तेवढंच कापा!

दिवाळी जवळ आली की बेलपाडा-खारघरच्या घराघरांत बेडरूमचा लूक बदलायची चर्चा सुरू होते. भिंतींना रंग, नवे पडदे आणि मग नजर जाते खाली. पीव्हीसी कार्पेटला पलंगाच्या पायाने पडलेलं भोक, इस्त्रीचा डाग, नाहीतर कपाट ओढताना गेलेला चरा. नुकसान वीतभर, निर्णय मात्र खोलीभर : ‘सगळंच काढून टाकू!’

थांबा. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं म्हणतात खरं. पण इथे आभाळ फाटलेलं नाही. फाटलं तेवढंच कापा, आणि स्वतः कापा.

काम अवघड नाही. उरलेला तुकडा शोधा. नसेल तर कपाटाखालचा काढा. तोही तितकाच जुना असल्याने रंग बऱ्यापैकी जुळतो. तो खराब जागेवर ठेवून डिझाइन जुळवा, टेपने पक्का करा. आता स्टीलची पट्टी आणि कटरचं नवं ब्लेड घेऊन दोन्ही थर एकदमच कापा. युक्ती हीच! वरचा तुकडा आणि खालची खाच एकाच मापाची होते. कापताना डिझाइनमधल्या रेषेवरून गेलात तर जोड सहज दिसत नाही. खालची धूळ, जुना गोंद साफ करा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप अर्धी जुन्या कडेखाली, अर्धी नव्या तुकड्याखाली येऊ द्या. वर जाड पुस्तकं ठेवून दिवसभर विसरून जा. धाग्याचा गालिचा असेल तर लव एकाच दिशेला हवी, एवढं लक्षात ठेवा.

पण आधी कार्पेटची कड उचलून खाली बघा. आपल्या कोकणपट्टीत ओल मुरते. खाली बुरशी किंवा कुबट वास असेल तर ठिगळ लावू नका; तो रोग झाकणं झालं. उघड्या फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल खालून येतेय. आधी तिचा बंदोबस्त.

एवढा खटाटोप कशाला? कारण काढलेलं कार्पेट नाहीसं होत नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते कुजत नाही आणि कचऱ्यात पेटवलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात. तो धूर आधी सफाई कामगाराच्या छातीत जातो, मग तुमच्या-आमच्या.

‘मग मिस्त्रीच्या पोटावर पाय?’ असं कुणी म्हणेल. पण वीतभर कामासाठी मिस्त्री येतो कुठे? त्याला पूर्ण खोलीचं काम परवडतं, म्हणून आपणही पूर्ण खोली उखडायला तयार होतो. मोठं काम त्याचंच राहू दे. छोटं आपलं.

खरं तर ते आपलंच होतं. 1970 मध्ये सिडको आली, पुढे शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्याआधी इथल्या गावांतल्या मातीच्या जमिनीला भेग गेली की घरातल्या बायका माती-शेण कालवून ती बुजवत, सारवून घेत. त्याला कुणी ‘डीआयवाय’ म्हणत नव्हतं. आज आपल्या हातात डिग्री आहे, पण कटर धरायची लाज वाटते. हाताचं काम म्हणजे दुसऱ्याचं काम, हा समज आधी उखडायला हवा.

भाड्याने राहत असाल तर मालकाला आधी विचारा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिटच्या वेळी उपयोगी पडतील. जोड थोडा दिसला तरी बिघडत नाही. आजीच्या गोधडीतले जोडही दिसतातच, म्हणून ती कुणी फेकत नाही. या रविवारी पलंग जरा सरकवा आणि बघा, खरंच किती फाटलंय.