प्लास्टिकच्या खोलीत फडके मारायला कोण जातो?

कोविडच्या काळात हलवता येणारे विलगीकरण कक्ष सगळ्या देशाने पाहिले. रेल्वेचे डबे खाटांसाठी बदलले गेले, बीकेसीच्या मैदानावर हजारावर खाटांचे रुग्णालय उभे राहिले. आयआयटी मद्रासशी जोडलेल्या एका स्टार्टअपने तर चार माणसे दोन तासांत उभारतील असे घडीचे रुग्णालय काढले. साथ ओसरली आणि बातम्या थांबल्या. पण क्षयरोग थांबलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि हा रोग दाटीवाटीच्या वस्तीत, म्हणजे आपल्या वस्तीत, जास्त घर करतो. म्हणून असे कक्ष सरकारी रुग्णालयांत हवेत, असेच आम्ही म्हणतो.

विलगीकरण म्हटले की आपल्यातल्या काही मित्रांच्या कपाळावर आठी पडते. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या समाजाला 'वेगळे ठेवा' हे शब्द टोचणारच. पण येथे फरक नीट समजून घ्या. अस्पृश्यता माणसाला कायमचे वेगळे करते आणि त्याला कारण लागत नाही. विलगीकरण हवेला वेगळे करते, रोग संसर्गजन्य आहे तोवरच. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या मोकळ्या माळावर डॉ. यशवंतरावांचा दवाखाना होता. तेही विलगीकरणच होते! मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड यांच्या मुलाला सावित्रीमाई पाठीवर घेऊन तेथेच गेल्या, आणि 10 मार्चला प्लेगनेच त्यांचा अंत झाला. रोगाला दूर ठेवायचे आणि रोग्याला पाठीवर घ्यायचे, ही आपली परंपरा आहे.

आता यंत्राकडे वळू. खाटेभोवती पारदर्शक प्लास्टिकचा तंबू असतो, त्याला पंखा आणि हेपा फिल्टर जोडलेला असतो. पंखा आतली हवा ओढतो, त्यामुळे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी राहतो. हवा बाहेरून आत जाते, आतली हवा वॉर्डात सुटत नाही. चांगला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. अशा खोलीतली हवा तासाला 12 वेळा बदलावी, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. पण वीज गेली, चेन उघडी राहिली किंवा फिल्टर बदललाच नाही, तर उरतो फक्त प्लास्टिकचा तंबू. उद्घाटनाची फीत कापणारे फिल्टर बदलायला पुन्हा येत नाहीत.

तंबू आला म्हणून वॉर्डाच्या खिडक्या बंद करू नका, हेही जाता जाता सांगतो. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांपेक्षा जास्त वेळा बदलत होती.

आमचे खरे भांडण पुढे आहे. डॉक्टर त्या तंबूत काही मिनिटे जातात. बेडपॅन काढायला, थुंकीचे भांडे उचलायला, चादर बदलायला, फरशी पुसायला कोण जातो? जंतूंनी भरलेला जुना फिल्टर हातात कोण घेतो? सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय. त्यांतले बरेच कंत्राटी, आणि त्यांची आडनावे वाचली तर जात विचारावी लागत नाही. त्यांच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क असतो. क्षयरोगाचे हवेतले जंतू तो श्वासाबरोबर आत जाण्यापासून रोखत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 लागतो. रुग्णाची हवा गाळायला यंत्र आहे आणि ते यंत्र साफ करणाऱ्याच्या श्वासाला फडके. ही कसली संसर्ग प्रतिबंधाची व्यवस्था?

"ते कंत्राटदाराचे काम," हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ते खोटे आहे. 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम रुग्णालय चालवणाऱ्यावरच जबाबदारी टाकतात : कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, संरक्षक साधने, नेमणुकीच्या वेळी आणि नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी. कोविडमध्ये 50 लाखांचा विमा कंत्राटी कामगारालाही लागू झाला, पण फक्त कोविडच्या मृत्यूसाठी. क्षयरोगाने मेलेला कामगार कोणत्या यादीत बसतो?

बाबासाहेबांनी 1935 साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो झाडूवाल्याच्या हक्कासाठी. त्या झाडूवाल्याचा नातू आज तंबूची चेन उघडतो आहे. म्हणून अशा कक्षाच्या प्रत्येक निविदेत फिल्टर बदलण्याचा खर्च, एन-95 आणि कामगारांची वार्षिक तपासणी लिहिलेलीच हवी. नसेल तर ती खरेदी आम्हाला मान्य नाही.

तरुण मित्रांनो, जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. विचारा : विलगीकरण कक्ष किती, शेवटचा फिल्टर कोणत्या तारखेला बदलला, तो कोणी बदलला, आणि त्या कामगाराची शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

जय भीम!