कटऑफचा अभिमान कसला?

दरवर्षी कॅप राउंडची यादी लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच चर्चा: ‘सीओईपीत कॉम्प्युटर कितीला बंद झालं?’ आकडा जितका वर, तितकं कॉलेज भारी. हा हिशेबच मला मान्य नाही.

आकडा काय सांगतो ते बघा. २०१९पासून एमएचटी-सीईटी अनेक शिफ्टमध्ये कॉम्प्युटरवर होते आणि पर्सेंटाइल मिळतो, तोही सात दशांश स्थळांपर्यंत. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधले किती टक्के लोक तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. तुम्हाला किती येतं, हे त्यात कुठेच नाही. समजा ३ लाख मुलं बसली, तर एकेका पर्सेंटाइलमध्ये ३ हजार मुलं दाटलेली. दोघांतला फरक कधी एका प्रश्नाचा. आणि निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे तो प्रश्न तुक्क्यानेही सुटलेला असू शकतो.

इंजिनीअरिंग झेपेल का, याचं उत्तर सरकारने आधीच दिलंय: बारावीला ठरावीक विषयांत ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४०. एवढ्यावर मुलगी इंजिनीअर होऊ शकते, असं नियमच म्हणतो. मग तिथपासून ९९ पर्सेंटाइलपर्यंतची दरी कशाची? जागांच्या टंचाईची. आणि त्या टंचाईला आपण ‘मेरिट’ म्हणतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमचा सर्व्हर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रिक्वेस्ट परत पाठवू लागला, तर त्याला कुणी ‘प्रतिष्ठित’ म्हणत नाही. रात्री झोपेतून उठवून कपॅसिटी वाढवायला लावतात.

‘मग काय सगळ्यांनाच घ्यायचं?’ नाही. जागा कमी आहेत तोवर रांग लागणार, परीक्षाही लागणार. पण रांगेची लांबी म्हणजे विद्यापीठाची गुणवत्ता नव्हे. दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांचा कटऑफ २०२१मध्ये थेट १०० टक्क्यांवर गेला. २०२२पासून तिथे सीयूईटी आली. चाळणी बदलली, पण चाळणी बदलून वर्गातले बाक वाढत नाहीत.

१८५४ साली सुरू झालेलं, २०२२मध्ये विद्यापीठ झालेलं सीओईपी जनतेच्या पैशावर उभं राहिलं. त्याला ‘कितीला बंद झालं’ हे विचारून उपयोग नाही. तेच शिक्षण आणखी किती मुलांना देणार, त्यासाठी प्राध्यापक, लॅब, वसतिगृहं कधी वाढणार, हे विचारा. खासगी कॉलेजाने टंचाईचा ब्रँड करून विकावा. सरकारी विद्यापीठाला तिची लाज वाटली पाहिजे.